बाळ उशिरा रडलं, मग सोडियम का घसरलं?

बाळ जन्मलं, पण रडलं नाही. दोन-तीन मिनिटं धावपळ झाली, तोंडावर मास्क धरून फुग्याने श्वास दिला, तेव्हा कुठे बारीक आवाज आला. बाळ तिथून थेट एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात गेलं. बाहेर थांबलेल्यांना कळलं ते एवढंच की ऑक्सिजन कमी पडला. त्यामुळे सगळ्यांच्या मनात मेंदूची धास्ती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर येऊन भलतंच काही सांगतात. "सोडियम १२६ आलंय. लघवी कमी आहे. सलाईन कमी केलंय."

श्वास कोंडला त्याचा आणि मिठाचा काय संबंध? बरं, मीठ कमी झालंय म्हणता, मग सलाईन वाढवायचं सोडून कमी का करता?

हा दुसरा प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर समजलं की बाकीचा रिपोर्टही बराचसा उलगडतो.

सुरुवात पेशीपासून करू. शरीरातलं पाणी दोन कप्प्यांत असतं, पेशींच्या आतलं आणि बाहेरचं. बाहेरच्या पाण्यात सोडियम भरपूर, लिटरमागे १४० एककांच्या आसपास. आत मात्र जेमतेम दहा-पंधरा. पोटॅशियमचं नेमकं उलटं. आत १४०च्या पुढे आणि बाहेर फक्त चार-पाच. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीचं आवरण थोडं थोडं गळतच असतं, आणि फुटक्या होडीतून पाणी उपसत राहावं तसा त्या आवरणातला एक पंप अखंड काम करत असतो. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना १९५७ मध्ये हा पंप दाखवून दिला. त्यासाठी त्यांना १९९७ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला, म्हणजे तब्बल चाळीस वर्षांनी.

या पंपाला इंधन लागतं, आणि मेंदूत तर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हाच. ऑक्सिजन असेल तर पेशी ग्लुकोजच्या एका कणातून इंधनाचे तीसेक कण काढते. ऑक्सिजन नसेल तर निव्वळ दोन. वर लॅक्टिक आम्ल साचतं ते वेगळंच. म्हणून जन्मानंतर लगेच नाळेतल्या रक्ताची आम्लता तपासतात. ती पीएच या आकड्यात सांगतात, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. तो पीएच ७च्या खाली असेल, तर जन्माआधी किंवा जन्मताना बाळाच्या पेशींची बरीच उपासमार झाली होती असं समजायचं.

इंधन संपलं की पंप थांबतो. सोडियम आत शिरतं, त्याच्या मागे पाणी शिरतं आणि पेशी फुगते. पोटॅशियम बाहेर पडतं. मेंदूत आणखी एक गोष्ट घडते. अर्धमेल्या पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतात, ते शेजारच्या पेशींची दारं उघडतं आणि त्या दारांतून कॅल्शियम आत घुसतं. पेशीच्या आत कॅल्शियम चिमूटभरच चालतं. जास्त झालं की पेशी स्वतःच स्वतःला पोखरू लागते.

बहुतेकांना कोड्यात टाकणारी गोष्ट इथे येते. बाळाला श्वास मिळाला, रक्त पुन्हा फिरू लागलं की पेशींचं इंधन काही तासांपुरतं सावरतं. बाळ गुलाबी दिसतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. मग साधारण सहा तासांनंतर, पुढच्या दोन-तीन दिवसांत, दुखावलेल्या पेशींचं इंधन दुसऱ्यांदा कोसळतं. "काल बरं होतं, आज झटके कसे आले?" या प्रश्नात कुणाची चूक शोधण्याआधी हे माहीत असावं. आजार बऱ्याचदा याच क्रमाने पुढे जातो. बाळाला थंड ठेवण्याचा उपचारही याच मधल्या फटीत बसतो. तो पहिल्या सहा तासांत सुरू करायचा असतो. तपमान ३३ ते ३४ अंशांवर आणायचं, तीन दिवस तिथेच ठेवायचं आणि मग अगदी हळूहळू परत वाढवायचं. सगळ्या बाळांना आणि सगळ्या ठिकाणी तो लागू पडतोच असं नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. त्यामुळे डॉक्टर "आम्ही कूलिंग करणार नाही" म्हणाले, तर ते हयगय करताहेत असं लगेच धरून चालू नये.

आता मूत्रपिंडाकडे येऊ, कारण सोडियमची गोष्ट खरी तिथे घडते.

ऑक्सिजन कमी पडला की बाळाचं शरीर कठोर निवड करतं. असलेलं रक्त मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडावरच्या छोट्या अॅड्रिनल ग्रंथींकडे वळवायचं. कातडी, आतडी, स्नायू आणि मूत्रपिंड यांनी थांबायचं. पाण्यात बुडी मारणारे प्राणी हेच करतात. पण मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशी ऑक्सिजनच्या फार भुकेल्या असतात, कारण त्यांचं सगळं कामच मुळी ते सोडियमचे पंप चालवण्याचं. त्या दुखावतात. लघवी कमी होते.

लघवी किती, हे एनआयसीयूत मोजतात कसं, तर अगदी साध्या पद्धतीने. कोरा डायपर काट्यावर ठेवून त्याचं वजन लिहून ठेवतात. ओला झाला की पुन्हा वजन. फरक जितके ग्रॅम, लघवी तितके मिलिलिटर. तीन किलोच्या बाळाला तासाला निदान तीन मिलिलिटर तरी व्हायला हवी. पहिल्या दिवशी मात्र या आकड्याला फार धरून बसता येत नाही, कारण काही धडधाकट बाळंसुद्धा पहिले चोवीस तास लघवी करत नाहीत. क्रिएटिनिनचंही, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं त्या कचऱ्याचंही, तसंच. पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन बरंचसं आईचं असतं, वारेतून आलेलं. ते पुढे उतरतंय की चढतंय, यावरून मूत्रपिंडाचं कळतं. एका रिपोर्टवरून काहीच नाही.

लघवी कमी, त्यात भर म्हणजे मेंदूला धक्का बसला की पाणी धरून ठेवायला लावणारं संप्रेरक गरज नसताना वाहू लागतं. म्हणजे दुखावलेलं मूत्रपिंड पाणी सोडू शकत नाही, आणि मेंदू त्याला सांगत असतो की सोडूही नकोस. वरून आपण सलाईन देतोय.

आकडे मांडून पाहा. पूर्ण दिवसांच्या तीन किलोच्या बाळाच्या अंगात साधारण सव्वादोन लिटर पाणी असतं. त्यात १०० मिलिलिटर जास्तीचं पाणी अडकलं, म्हणजे अर्ध्या पेल्याइतकं, की १४० असलेलं सोडियम १३४ वर येतं. दोनशे अडकलं की १३०च्याही खाली. अंगातलं मीठ कणभरही कमी झालेलं नाही. ते पातळ झालंय, इतकंच. अशा वेळी "मीठ कमी आहे, मीठ द्या" म्हणणं म्हणजे भांड्यात पाणी जास्त झालं म्हणून वरून मीठ टाकत बसणं. पाणी तसंच राहतं, वर मिठाचा बोजा वाढतो. डॉक्टर सलाईन कमी करतात ते यासाठी.

हे पातळ होणं कधी कधी जन्माआधीच सुरू झालेलं असतं. बाळंतकळा वाढवायला आईला दिलं जाणारं ऑक्सिटोसिन अंगात पाणी धरून ठेवतं, आणि त्याच्यासोबत मीठ नसलेलं सलाईन खूप गेलं असेल तर आईचं सोडियम उतरतं, बाळाचंही उतरतं. म्हणून जन्मानंतर पहिल्या तासाभरातच सोडियम कमी आलं, तर दोष बाळाच्या मूत्रपिंडाचा नसेलही. आईच्या सलाईनचा कागद बघायला हवा.

मग पातळ झालंय की खरंच मीठ गेलंय, हे ओळखायचं कसं? लॅबमध्ये लघवीतलं सोडियम बघता येतं. पण मला विचाराल तर सगळ्यात विश्वासू साक्षीदार म्हणजे वजनकाटा. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरणं हे चांगलं लक्षण असतं. पूर्ण दिवसांचं बाळ पहिल्या आठवड्यात जन्मवजनाच्या ५ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. अंगातलं जादा पाणी जातंय, असा त्याचा अर्थ. घरचे मात्र "वजन कमी झालं" म्हणून हिरमुसतात आणि "वजन पन्नास ग्रॅमने वाढलं" ऐकून खूश होतात. ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळाचं वजन दुसऱ्याच दिवशी वाढलं असेल, तर ते बाळसं नाही, अडकलेलं पाणी आहे. सोडियम कमी आणि वजन जास्त असेल तर पाणी कमी करायचं. दोन्ही कमी असतील तर मीठ खरंच गेलंय, ते भरून द्यायला हवं.

आता पाणी किती कमी करायचं यावरही बोलायला हवं, कारण तिथे जुनी सवय आडवी येते. पूर्वी अशा बाळाचं सलाईन सरसकट तोडायचे, मेंदूला सूज येऊ नये म्हणून. कागदावर हे पटतं. पण फार तोडलं की आधीच तहानलेल्या मूत्रपिंडाचे हाल होतात, रक्तदाब पडतो, आणि सलाईनसोबत जाणारी साखरही कमी होते. मेंदूची उपासमार थांबवायची म्हणून उपचार करायचे आणि त्यातच साखर पाडायची, याला काय म्हणावं! पाणी कमी केलं की तेवढीच साखर कमी पाण्यात द्यावी लागते, ते घट्ट द्रावण हाताच्या बारीक शिरेला सोसत नाही, म्हणून नाळेच्या शिरेत नळी टाकतात. बेंबीत नळी दिसली की लोक घाबरतात. ती बऱ्याचदा यासाठी असते. हल्लीचा शहाणपणा असा की जितकं जातंय तितकं भरून द्यायचं. कातडीतून आणि श्वासातून उडणारं पाणी अधिक लघवीचं पाणी, आणि दर काही तासांनी हिशोब पुन्हा मांडायचा.

सोडियम घसरून झटके येत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे कारण शोधत थांबत नाहीत, तीन टक्क्यांचं जास्त मिठाचं सलाईन थोडंसं, मोजून देतात आणि झटके थांबले की हात आखडता घेतात. सोडियम घाईने चढवणंही मेंदूला महागात पडू शकतं. दिवसाला आठ-दहा एककांहून जास्त नको, असं धरतात. म्हणून "काल १२६ होतं, आज १३२च?" हा आकडा वाटतो त्यापेक्षा बरा आहे.

पोटॅशियमची भीती वेगळ्या जातीची. सोडियम हळूहळू त्रास देतं. पोटॅशियम वाढलं तर हृदय थेट थांबवू शकतं. अंगातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, त्यामुळे पेशी फुटल्या किंवा पंप थांबले की ते रक्तात येतं, आणि लघवीच होत नसेल तर जाणार कुठून? म्हणूनच लघवी सुरू होईपर्यंत अशा बाळाच्या सलाईनमध्ये पोटॅशियम घालत नाहीत.

पण पोटॅशियमचा आकडा फसवतोही. बाळाची टाच टोचून, दाबून दाबून थेंब थेंब रक्त काढलं की त्या दाबण्यानेच रक्तपेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम नळीत उतरतं. रिपोर्ट येतो ७.५ आणि बाळ मजेत असतं. अनुभवी सिस्टर आधी मॉनिटरकडे बघतात. हृदयाच्या आलेखातल्या लाटा तंबूसारख्या उंच, टोकदार झाल्या असतील तर आकडा खरा आहे आणि लगेच हालचाल हवी. आलेख नेहमीसारखा असेल तर शिरेतून, न दाबता, पुन्हा रक्त घ्यायचं. "सारखं सारखं रक्त का काढता?" असं विचारण्याआधी हे लक्षात असू द्या. तक्रारीतही तथ्य आहे म्हणा. तीन किलोच्या बाळात रक्त असतं जेमतेम अडीचशे मिलिलिटर, त्यामुळे प्रत्येक नमुना मोजूनमापूनच घ्यायला हवा.

खरंच वाढलं असेल तर पहिलं इंजेक्शन कॅल्शियमचं देतात. त्याने पोटॅशियम तसूभरही उतरत नाही, पण हृदयाला थोडा वेळ ढाल मिळते. तेवढ्या वेळात इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन किंवा साल्ब्युटामॉल देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात. तेही शेवटी ढकलणंच. शरीराबाहेर जायचं तर लघवी हवी, ती नसेल तर डायलिसिस.

थंड ठेवलेल्या बाळांत आणखी एक गंमत होते. थंडीने पोटॅशियम पेशींच्या आत सरकतं, रक्तात कमी दिसतं. ते भरून काढायच्या मोहात कुणी भरपूर पोटॅशियम दिलं, की तिसऱ्या दिवशी बाळ गरम करताना आत गेलेलं सगळं परत बाहेर येतं, आणि दिलेलं असतंच. म्हणून थंडीतलं थोडं कमी पोटॅशियम चालवून घेतात, आणि गरम करताना तासाला अर्ध्या अंशाच्या पुढे जात नाहीत.

कॅल्शियमची कथा नाळ कापण्यापासून सुरू होते. पोटात असताना वार बाळाला इतकं कॅल्शियम पुरवते की जन्मताना बाळाच्या रक्तात ते आईपेक्षा जास्त असतं. नाळ कापली की पुरवठा बंद. गळ्यातल्या ज्या पॅराथायरॉइड ग्रंथींनी आता कामाला लागायचं, त्या इतके दिवस सुस्त बसलेल्या. त्यामुळे प्रत्येक नवजात बाळाचं कॅल्शियम पहिल्या एक-दोन दिवसांत उतरतंच. ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळात ते जास्त उतरतं. फुटलेल्या पेशींतून फॉस्फेट बाहेर येऊन कॅल्शियमला पकडतं, ग्रंथी जागं व्हायला आणखी उशीर लावतात, दूध सुरू झालेलं नसतं. त्यात कुणी आम्लता घालवायला घाईने बायकार्बोनेट दिलं, तर मोकळं फिरणारं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं आणि एकूण आकडा तोच राहूनही कामाचं कॅल्शियम घटतं. म्हणून रिपोर्टमध्ये एकूण कॅल्शियमपेक्षा आयोनाइज्ड, म्हणजे हे मोकळं कॅल्शियम बघणं बरं.

कॅल्शियमशिवाय हृदय चालत नाही, हे सिडनी रिंगर यांना लंडनमध्ये १८८०च्या दशकात जवळजवळ योगायोगानेच कळलं. मिठाच्या पाण्यात ठेवलेली बेडकाची हृदयं छान धडधडत होती. नंतर कळलं की ते द्रावण नळाच्या पाण्यात केलं होतं, ज्यात कॅल्शियम होतं. शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात ती लवकरच थांबली.

कॅल्शियम कमी झालेलं बाळ थरथरतं. ही थरथर आहे की झटका, हे सिस्टर एका साध्या युक्तीने बघतात. थरथरणारा हात अलगद मुठीत धरायचा, थोडा वाकवायचा. थरथर असेल तर थांबते. झटका असेल तर मुठीतही जाणवत राहतो. अर्थात पाहणीची ही पहिली पायरी. शंका राहिली तर मेंदूचा आलेख काढतात, कारण अशा बाळांत काही झटके नुसते डोळे एकटक होण्यात किंवा तोंड चघळल्यासारखं हलण्यात लपलेले असतात. आणि साखर सगळ्यात आधी तपासतात, कारण ती मिनिटभरात कळते आणि मिनिटभरात देता येते.

कॅल्शियम शिरेतून द्यायचं तर सावकाश, पातळ करून, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून. सुई शिरेबाहेर सरकली तर ते औषध कातडी अक्षरशः जाळतं. सुईच्या जागी लाली किंवा फुगवटा दिसला तर संकोच न करता सिस्टरला हाक मारा, इथे नातेवाइकांचे डोळेही उपयोगी पडतात.

आणि कॅल्शियम देऊनही वाढत नसेल तर मॅग्नेशियम बघायचं. ते कमी असेल तर कॅल्शियम सांभाळणारी ग्रंथीच नीट काम करत नाही. आधी मॅग्नेशियम भरा, मग कॅल्शियम आपोआप जागेवर येतं. उलटही होतं. वाढलेल्या रक्तदाबामुळे आईला बाळंतपणाआधी मॅग्नेशियम सल्फेट दिलं असेल, तर बाळ ढिलं, झोपाळू, मंद श्वासाचं जन्मू शकतं आणि ऑक्सिजन कमी पडल्यासारखंच दिसू शकतं. आईची फाइल बाळाच्या फाइलशेजारी ठेवायची ती म्हणूनही.

तिसऱ्या-चौथ्या दिवसाकडे वारं फिरतं. डायपर जड येऊ लागतात. सगळ्यांना हायसं वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण सावरणाऱ्या मूत्रपिंडाच्या नळ्या अजून कच्च्याच असतात, त्या पाण्यासोबत मीठही वाहू देतात. सोडियम पुन्हा १२८ येतं. कालपर्यंत पाणी कमी करणारे डॉक्टर आज मीठ आणि पाणी दोन्ही वाढवतात. आकडा जवळपास तोच, उपचार बरोब्बर उलटा. बाहेर बसलेल्यांना हा धरसोडपणा वाटतो. काट्यावरचं वजन विचारा, ते आता उतरलेलं असेल.

मग एके दिवशी रिपोर्टमधले सगळे आकडे जागेवर येतात, दूध सुरू होतं, बेंबीतली नळी निघते. त्या दिवशी बहुतेक जण विचारतात, "म्हणजे मेंदू ठीक आहे ना?" हे आकडे त्याबद्दल काही सांगत नाहीत. ते बिघडलेले राहिले असते तर मेंदूला आणखी इजा झाली असती, ती टळली. पहिल्या दिवशीची इजा किती होती, ते वेगळ्या गोष्टींवरून बघतात. बाळ स्वतः ओढून पितं का, अंगातला ढिलेपणा किंवा ताठरपणा गेला का, मेंदूचा आलेख कसा आहे, पहिल्या आठवड्यातला एमआरआय काय म्हणतो. आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत मान कधी धरली, बसलं कधी, चाललं कधी, यावरून. त्या तपासणीच्या तारखा घरी जाण्याआधीच लिहून घ्या.